पळता येतंय म्हणून ट्रायथलॉनला निघालात? आधी पाण्याचं बघा

लातूरच्या माणसानं पोहण्यावर लिहायचं म्हणजे लोक हसणारच. २०१६ च्या एप्रिलमधे आमच्याकडं मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, पहिल्या गाडीत साधारण ५ लाख लिटर. नंतर एकदा बसल्या बसल्या हिशोब केला की २५ मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल असा तलाव भरायला साडेचार लाख लिटर लागतं, म्हणजे जवळपास एक अख्खी गाडी. तेव्हापासून तलावाच्या पाण्याकडं बघायची नजरच बदलली बगा. आणि आपल्याकडं उन्हाळ्यात पाणीटंचाई आली की सगळ्यात आधी तलावालाच कुलूप लागतं, त्यामुळं ट्रायथलॉनचं, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं एकापाठोपाठ करायच्या रेसचं, डोक्यात आलं असंल तर पोहणं आजपासून, सायकल पुढच्या महिन्यात घेतली तरी चालतंय.

हे मी त्यांच्यासाठी लिहितोय जे पळतात. १० किलोमीटर आरामात होतात, एखादी हाफ मॅरेथॉन झालीय, घरात चार मेडल लटकलेत आणि आता काहीतरी नवीन पाहिजे. मी पण त्यातलाच.

आधी अंतराचं बघून घ्या. स्प्रिंट म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर पळणं. ऑलिम्पिक डिस्टन्स म्हणजे बरोबर डबल, दीड किलोमीटर, ४०, १०. त्याच्यावर गोव्यात होते ती हाफ आयर्नमॅन, १.९ किलोमीटर समुद्रात पोहून ९० सायकल आणि वर २१.१ पळायचं. फुल आयर्नमॅन ३.८, १८० आणि ४२.२. ही फुलवाली भानगड १९७८ ला हवाईत सुरू झाली, तेव्हा १५ जण उतरले आणि १२ जणांनी पूर्ण केली. ते वाचून अंगात येतं मान्य आहे, पण पहिल्या वेळेस स्प्रिंटच करा. पळणाऱ्याला ५ किलोमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं आणि तो डायरेक्ट ऑलिम्पिकला नाव देतो, पण विषय शेवटच्या ५ किलोमीटरचा नाही, पहिल्या ७५० मीटरचा आहे.

आपल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बघा. ३००० मीटर स्टीपलचेसमधे, म्हणजे अडथळ्यांवरून पळायच्या शर्यतीत, त्याला पाण्याच्या खड्ड्यावरून ७ वेळा उडी मारून जावं लागतं. त्याची सगळी धडपड पाण्यात कमीत कमी पाय भिजावा ही. आपल्याला मात्र मुद्दाम त्यात उतरायचं आहे आणि तिथं पळण्याची एकही सवय कामाला येत नाही, उलट आडवी येते. पळताना दमलो की आपण काय करतो, दात-ओठ खाऊन अजून जोर लावतो. पाण्यात दमल्यावर जोर लावला की दोन मिनिटात खेळ खल्लास.

माझं सांगतो. मी हिरीत शिकलेला माणूस. पाठीला वाळलेला भोपळा बांधला, चुलत्यानं काठावरून ढकललं, चार दिवसांनी भोपळा काढला, झालं शिकून. मुटका मारायला तर मी गावात फेमस होतो. म्हणून तलावावर गेलो ते छाती फुगवूनच, आणि पहिल्याच दिवशी २५ मीटरला दोरी धरून उभा राहिलो. श्वास असा लागलेला जसं काही कोणी मागं लागलंय. तिथले एक वयस्कर जीवरक्षक होते, ते काठावर बसून बराच वेळ बघत होते, मग म्हणले, "ओ सर, पाण्याला का मारलालाव?" तेवढ्या एका वाक्यात माझं सगळं चुकतंय ते कळालं.

हिरीतल्या पोहण्यात मुंडकं वर असतं. मुंडकं वर गेलं की कंबर खाली जाते, कंबर खाली गेली की पाय लोंबतात आणि आपण स्वतःलाच ब्रेक लावून पोहत राहतो. बुडत नाही माणूस त्यानं, पण ७५० मीटर नेत पण नाही. मग चेहरा पाण्यात घालायचा, नजर सरळ खाली तळाकडं, आणि श्वास पाण्यात सोडायचा. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि सगळे हेच चुकतात. पाण्यात तोंड गेलं की आपण श्वास कोंडून धरतो, मग तोंड बाहेर आल्यावर त्या अर्ध्या सेकंदात आधी सोडायचा आणि मग घ्यायचा असं दोन्ही करायला बघतो, ते होत नाही, आतली हवा आतच साठते आणि जीव घाबरा होतो. आपल्याला वाटतं हवा कमी पडली, खरं तर जुनी बाहेरच निघालेली नसते. म्हणून तोंड पाण्यात असेपर्यंत नाकातोंडातून सतत बुडबुडे सोडायचे, आणि मान वर न उचलता अंगाबरोबर कुशीवर वळून एका बाजूनं श्वास घ्यायचा. पहिले तीन-चार दिवस पोहूच नका, कमरेएवढ्या पाण्यात काठ धरून नुसते बुडबुडे काढा. लोक बघतील, बघू द्या.

दुसरी गोष्ट पायांची. पळणाऱ्याचे पाय म्हणजे नुसते दांडके, मांड्या जड आणि घोटा असा आखडलेला की पंजा मागं ताणला जातच नाही. त्यामुळं पाय मारले तरी आपण जागेवरच, माझं तर किकबोर्ड, म्हणजे हातात धरायची तरंगती फळी, धरल्यावर मागं चाललोय का काय असं व्हायचं. उपाय सोपा आहे, रोज घरी टीव्ही बघताना वज्रासनात बसा, आणि पाण्यात पाय कमी मारा. ट्रायथलॉनमधे पाय वाचवून ठेवायचेच असतात, पुढं सायकल आणि पळणं त्याच पायांवर आहे. हळू किक, गुडघ्यातून सायकल मारल्यासारखी नको, कमरेपासून.

वाढवायचं कसं, तर अंतर नाही वाढवायचं, आराम कमी करायचा. २५ मीटर पोहा, अर्धा मिनिट थांबा, असं ८ वेळा. ते शांतपणे झालं की थांबणं २० सेकंदावर आणा, मग १०. मग ५० चे तुकडे, मग १००. एक दिवस अचानक असा येतो की थांबायची गरजच वाटत नाही, मला त्याला सात आठवडे लागले. २५ च्या तलावात ७५० म्हणजे ३० लांब्या. मोजताना चुकतंय म्हणून काठावर चिंचोके ठेवायचो मी, एक लांबी झाली की एक सरकवायचा. १०० मीटरला ३ मिनिटं लागत असतील तर ७५० ला साडेबावीस मिनिटं, पहिल्या रेसला तेवढं बास झालं. ताई लोकांसाठी बऱ्याच ठिकाणी लेडीज बॅच वेगळी असते, त्यात गर्दी पण कमी असते, आधी टायमिंग विचारून घ्या.

साधारण १२ आठवडे हातात ठेवा. आठवड्यात तीन दिवस पाणी, दोन दिवस सायकल, दोनच दिवस पळणं. हे दोनच वाचून पोटात गोळा येतो मला माहितीय, स्पीड जाईल असं वाटतं. जात नाही. थोडंसं गेलं तरी तीन महिन्यांनी परत येतं, पण पोहणं बुडवून तुम्ही तिसऱ्या दिवशी पण पळायला गेलात तर ते पोहणं काही परत येणार नाही. एक दिवस पूर्ण सुट्टी मिळावी म्हणून कुठल्यातरी दोन गोष्टी एका दिवसात बसवाव्या लागतात, सकाळी पोहून संध्याकाळी सायकल असं.

आता मोकळं पाणी. तलावात खाली काळी रेघ दिसते, रेसमधे खाली काहीच दिसत नाही, हिरवट नाहीतर गढूळ, आणि किती खोल ते माहीत नाही. इथं मन दगा देतं, शरीर नाही. सराव पाहिजे, पण प्लीज कोणीही उठून एकटं जायकवाडी नाहीतर मांजरा धरणात उतरू नका. काठाला गाळ असतो, पाय रुतला की निघत नाही, मासेमारीची जाळी टाकलेली असतात, पाण्याखाली बाभळी उभ्या असतात, आणि बऱ्याच ठिकाणी उतरायला बंदी आहे ती उगं नाही. आयोजक बऱ्याचदा रेसच्या आदल्या दिवशी सराव ठेवतात तो चुकवू नका, नाहीतर चांगले पोहणारे चार जण, लाइफगार्ड आणि कमरेला भगव्या रंगाचा फुग्यासारखा तरंगणारा बॉय, एवढं असंल तरच. हिरीत सराव करणार असाल तर पायऱ्या धड आहेत का बघा आणि मोटार चालू असताना बिलकुल उतरायचं नाही, नुसतं बटण नाही, मेन स्विच पाडून मगच. केबल कुठं सोललेली असंल सांगता येत नाही आणि पाण्यात करंट उतरला तर ओरडायला पण वेळ मिळत नाही.

मोकळ्या पाण्यात सरळ जाणं हे एक वेगळंच शिकावं लागतं. दर सहा-आठ हातांनी डोळे तेवढे पाण्यावर काढून, मगरीसारखे, वाट दाखवायला समोर सोडलेला मोठा तरंगता बॉय कुठंय बघायचं आणि परत मान खाली. आधी काठावरून बॉयच्या मागं काय आहे ते हेरून ठेवा, एखादं झाड, टॉवर, देवळाचं शिखर, कारण पाण्यातून बॉय दिसला नाही तरी शिखर दिसतं. मी पहिल्या वेळेस हे केलं नाही आणि ७५० च्या जागी घड्याळात ९२० मीटर आले, म्हणजे १७० मीटर फुकटचे.

सायकलचं थोडक्यात सांगतो कारण ते त्या मानानं सोपं आहे. महागडी सायकल घेऊ नका. हायब्रिड चालते, एमटीबी म्हणजे जाड टायरची पण चालते, मित्राची मागून आणलेली पण चालते, फक्त ब्रेक धड पाहिजेत. सीटची उंची बघा, पॅडल सगळ्यात खाली असताना टाच त्याच्यावर ठेवली की पाय सरळ व्हायला पाहिजे, बहुतेकांची सीट खालीच असते आणि मग गुडघे दुखले म्हणून बोंब मारतात. गिअर हलका ठेवून पाय भराभर फिरवा, मिनिटाला ८०-९० फेरे. जड गिअर दाबत बसलात तर मांड्या भरून येतात आणि पुढं पळायला उरत नाहीत. पळणाऱ्याची खोड अशी की पुढचा सायकलवाला दिसला की त्याला गाठायचंच. जाऊ द्या त्याला. तसंही जवळपास सगळ्या हौशी रेसमधे दुसऱ्याच्या मागं चिकटून चालवायला बंदी असते.

रस्त्यांचं म्हणाल तर लातूर ते औसा साधारण २० किलोमीटर भरतं, म्हणजे एक बाजू म्हणजे तुमची स्प्रिंटची सायकल झाली. संभाजीनगरवाल्यांना दौलताबादचा घाट आहे, परभणीवाले कृषी विद्यापीठाच्या बाजूला पळतात ते तिथं सायकल पण काढू शकतात. दिवाळीनंतर मात्र साखर कारखाने पेटले की पहाटे जपून, उसाच्या ट्रॉलीला मागं लाइट नसते आणि ड्रायव्हरनं टेप एवढा मोठा लावलेला असतो की त्याला तुमची घंटी काय, रेल्वेचा भोंगा ऐकू येणार नाही. सुगीत रस्त्यावरच सोयाबीन नाहीतर तूर पसरलेली असते, त्याच्यावर ब्रेक मारू नका, घसरता. आणि बाभळीचे काटे! आपल्याकडं पंचर काढता येणं हे पोहण्याएवढंच महत्त्वाचं. एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, छोटा पंप कायम सोबत, आणि नवीन ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधून काढायचा, नाहीतर पाच मिनिटात दुसरी ट्यूब पण गेली. घरी अंगणात तीन-चार वेळा करून बघा, बाकीचे हसले तरी.

आता पळणाऱ्याची सगळ्यात मोठी फजिती. सायकलवरून उतरून पळायला लागलं की पाय आपले नसतातच. दगड बांधल्यासारखे, गुडघे वाकत नाहीत, आपल्याला वाटतं आपण चालतोय. गंमत म्हणजे घड्याळ बघितलं तर बऱ्याचदा रोजच्यापेक्षा फास्ट चाललेलो असतो, कारण सायकलवर पाय भराभर फिरवायची लय अंगात राहिलेली असते, आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या किलोमीटरला फुटतो. याचा सराव म्हणजे ब्रिक, आठवड्यातून एकदा सायकल झाली की लगेच, पाणी पिऊन गप्पा मारून नाही, लगेच शूज घालून १०-१५ मिनिटं पळायचं. पहिले दोन वेळा शिव्या द्याल. चौथ्या वेळेला तो दगड दीड किलोमीटरला सुटतो हे कळतं, आणि एकदा हे माहीत असलं की रेसमधे घाबरायला होत नाही.

खाण्याचं फार डोकं लावू नका, स्प्रिंट दीड-दोन तासाचा मामला आहे. आदल्या रात्री वरण-भात, भाकरी, जे रोज पचतं ते. मटण नको, ठेचा नको, दुसऱ्याच्या गावात गेलोय म्हणून तिथलं स्पेशल पण रेस झाल्यावर. सकाळी रेसच्या दोन तास आधी केळं आणि दोन ब्रेड, किंवा थोडी मुरमुऱ्यांची सुशीला, तिखट न घातलेली. सायकलवर एक बाटली पाणी ओआरएस घालून आणि खिशात गूळ-शेंगदाण्याची चिक्की. ती पण छोटे तुकडे करून न्या, मी अख्खी तोंडात घातली होती आणि पुढचे दोन किलोमीटर श्वासच घेता येईना.

पाण्यातून सायकल आणि सायकलवरून पळणं यांच्या मधली जागा म्हणजे ट्रान्झिशन. सायकल रॅकला लावलेली असते, तिच्याजवळ एक छोटा टॉवेल अंथरा, त्यावर मोजे-शूज, मोज्यात थोडी पावडर, नंबरचा बेल्ट, आणि हेल्मेट उलटं ठेवून त्यात गॉगल, पट्टे बाहेर मोकळे. नियम पक्का लक्षात ठेवा, हेल्मेटचा बक्कल लागल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही आणि परत येऊन सायकल रॅकला लावल्याशिवाय बक्कल काढायचा नाही. सायकलवर बसायची आणि उतरायची रेघ आखलेली असते, त्याच्या आत सायकल हातात धरून पळत न्यायची. इअरफोन चालत नाहीत. सायकलवर नंबर पाठीमागं, पळताना पुढं, म्हणून बेल्ट, नुसता फिरवायचा. रेसच्या सकाळी पाण्यातून येण्याच्या वाटेनं रिकामं चालत जाऊन आपली सायकल कितव्या ओळीत ते मोजून या, ओलेत्या अंगानं धापा टाकत येताना शंभर सायकली एकसारख्याच दिसतात. याला मिनिट जास्त लागलं तर लागू द्या. मी दोन सेकंद वाचवायच्या नादात हेल्मेट घालूनच पळायला निघालो होतो, दोनशे मीटर गेल्यावर एका व्हॉलंटियर पोरीनं सांगितलं, "काका, हेल्मेट!" परत गेलो ठेवायला.

कपड्यांचं, ट्रायसूट, म्हणजे तिन्हीला चालणारा एकच घट्ट सूट, असला तर छान, नसला तर घट्ट सायकल शॉर्ट आणि घट्ट टीशर्ट, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेच. मानेला, काखेत, मांड्यांना व्हॅसलिन. पोहायच्या गॉगलची काच आतून बोटानं पुसायची नाही.

रेस सुरू होताना पळणाऱ्याची सवय म्हणून पुढं जाऊन उभं राहाल, तिथून मागं या. एकदम मागं आणि कडेला. भोंगा वाजला की मनात दहा अंक मोजा आणि मग निघा, पुढं हातापायांची नुसती झोंबाझोंबी असते, कोणाची लाथ कोणाला लागेल नेम नाही. पहिले शंभर मीटर मुद्दाम हळू, बुडबुडे, बुडबुडे. जीव घाबरला तर पाठीवर उताणं व्हा आणि आभाळाकडं बघा, मग निघा. बेडकासारखं पोहलात तरी चालतं, कुठलाही स्ट्रोक चालतो. लाइफगार्डच्या होडीला धरून थांबलात तरी बाद करत नाहीत, फक्त तिनं तुम्हाला पुढं ओढायला नको. माझा शेवटून तिसरा नंबर होता पाण्यातून बाहेर यायला. सायकलवर थोडे गाठले, जास्त करून लोकच मला मागं टाकत गेले. मग पळणं आलं, पहिलं किलोमीटर ते दगडाचे पाय, आणि तो दगड सुटल्यावर मात्र पुढचे एकेक जण जवळ यायला लागले, मी मोजत होतो, २३ जण. त्यात काही असे होते जे पाण्यात मला दहा मिनिटं पुढं होते.

फिनिशनंतर मेडल गळ्यात पडलं की लोक फोटोत रमतात आणि हातातला नंबरचा पट्टा तोडून टाकतात. तोडू नका. तो पट्टा आणि सायकलवरचा नंबर जुळल्याशिवाय ट्रान्झिशनमधून तुमची स्वतःची सायकल तुम्हाला बाहेर काढू देत नाहीत, मी पाऊण तास गेटवर उन्हात उभा होतो, आणि पट्टा नेमका त्या कचऱ्याच्या डब्यात सापडला जिथं सगळ्यांनी केळ्याची सालं टाकली होती.